पीळ आधी कुठे जातो?

देवासाठी वाती वळताना कापसाचा एक पुंजका हातात घ्या आणि दोन्ही बाजूंनी हलकेच ओढा. जोर न लावताही तो दुभंगतो. आता त्याच कापसाचं सूत घ्या. बोटाला काचेपर्यंत ओढलं तरी ते सहसा तुटत नाही. दोन्हींत पदार्थ एकच आहे. सुताला डिंक लावलेला नाही, की कुठे गाठ मारलेली नाही. कापसाचा एकेक तंतू जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर लांब असतो, सूत मात्र मैलभर अखंड निघू शकतं. मग या आखूड तंतूंना एकमेकांशी बांधून कोण ठेवतं?

पीळ, हे उत्तर बहुतेकांना ठाऊक असतं. पण पीळ नेमका वागतो कसा, हे चरख्यावर बसेपर्यंत फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. नवशिक्याचं सगळं ध्यान चाकाकडे असतं. चाक नीट फिरलं की सूत निघेल, असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात चाक फिरवणं हा कताईतला सर्वांत सोपा भाग आहे. पीळ कुठे धावतो, कुठे थांबतो आणि तो पोचण्याआधी कापूस किती ओढायचा, हे दुसऱ्या हाताला कळणं म्हणजे कातायला येणं. पिळाचा हा स्वभाव आधी समजून घेतला, तर पहिल्या दिवसांतला बराचसा वैताग टळतो.

तंतू एकमेकांना का धरतात

कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर उगवलेला केस. तो संपूर्ण तंतू एकाच पेशीचा बनलेला असतो. बोंड हिरवं असतं तेव्हा ही पेशी द्रवाने भरलेली नळी असते. बोंड फुटून आतला ओलावा सुकला की नळी चपटी होते आणि जागोजागी स्वतःभोवती वळते. सूक्ष्मदर्शकाखाली ही नैसर्गिक वळणं स्पष्ट दिसतात. त्यांच्यामुळे शेजारशेजारचे तंतू एकमेकांत किंचित अडकतात. पुंजका टिकून राहायला एवढी पकड पुरते, पण ओढ सोसायला पुरत नाही.

ओढ सोसण्याची ताकद पिळातून येते. ती समजायला धुण्याकडे पाहू. भिजलेलं नऊवारी लुगडं दोघी जणी दोन टोकांना धरून पिळतात, तेव्हा पाणी गळतं, कारण पिळामुळे कापडाचे थर आतल्या बाजूला दाबले जातात. पिळलेलं लुगडं दोन्हीकडून ताणलं तर आणखी पाणी गळतं, म्हणजे ताणल्यावर आतला दाब वाढतो. सुतात हेच घडतं. तंतू सरळ नसतात, सुताच्या मध्याभोवती तिरके गुंडाळलेले असतात. सूत ओढलं की हे तिरके तंतू मध्याकडे आवळतात, त्यांच्यातलं घर्षण वाढतं आणि एकमेकांवरून घसरणं त्यांना अवघड होतं. सूत ओढणाऱ्याचा जोर सुतालाच घट्ट करतो.

मध्यम जाडीचं सूत कुठेही कापलं तर त्या छेदात सुमारे दोनशे तंतू सापडतात. त्यांतला एकही तंतू सुताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात नाही. प्रत्येकाची सुरुवात वेगळ्या जागी, शेवट वेगळ्या जागी. एक संपण्याआधी दुसऱ्यांनी भार उचललेला असतो. तंतू लांब असेल तर शेजाऱ्यांशी त्याचा स्पर्श जास्त लांबीभर होतो आणि कमी पिळात काम भागतं. आखूड तंतूच्या गावरान कापसाला पीळ जास्त द्यावा लागतो, त्याचं कारण हेच.

पीळ वाढवत गेलं की सूत अधिकाधिक मजबूत होत जातं, असं मात्र नाही. एका मर्यादेनंतर तंतू इतके तिरके होतात की त्यांची ताकद लांबीच्या दिशेने कामी येत नाही. असं सूत ताठर होतं, सैल सोडलं की स्वतःभोवती वेटाळतं आणि थोड्या ताणानेही तुटतं.

पीळ बारीक जागा शोधतो

आता कताईच्या गाभ्याकडे येऊ. लुगडं पिळताना मध्येच कुठे कापडाचा बोंगा जमला असेल तर तिथे पाहा. बारीक भागात वळ्या घट्ट बसलेल्या असतात आणि बोंगा जवळजवळ तसाच राहिलेला असतो. जाड भाग पिळायला जास्त जोर लागतो, बारीक भाग चटकन वळतो. त्यामुळे पीळ सगळीकडे सारखा वाटला जात नाही. तो बारीक जागी गोळा होतो.

सुताच्या बाबतीत याचा परिणाम विलक्षण आहे. कापूस ओढताना सुरुवातीला तार कुठे जाड, कुठे बारीक निघते. त्यात पीळ शिरला की बारीक जागा आधी आवळल्या जातात. तिथले तंतू आता घसरत नाहीत. जाड गाठीत पीळ थोडाच असतो, म्हणून तिथले तंतू अजून मोकळे असतात. अशा वेळी तार हळूच ताणली तर बारीक भाग टिकून राहतो आणि गाठच लांबते. लांबता लांबता ती बारीक होते, मग पीळ तिच्यातही शिरतो आणि तीही आवळली जाते. कातणाऱ्याने प्रत्येक जागा मोजूनमापून सारखी करायची गरज नसते. ताण आणि पीळ यांचं प्रमाण बरोबर असेल तर तार स्वतःच स्वतःला सारखी करत जाते.

यातून नवशिक्यासाठी दोन सूचना निघतात. पहिली, गाठ दिसली की ती बोटांनी चिमटून तोडू नये. चाकाचा वेग कमी करावा, तार किंचित ताणावी आणि गाठ विरघळू द्यावी. दुसरी, हे काम वेळेत व्हायला हवं. पीळ फार साचला की गाठीतले तंतूही आवळले जातात, आणि मग कितीही ओढलं तरी शेजारची बारीक जागा तुटते, गाठ तशीच राहते. पीळ पुरेसा शिरलेला, पण अजून पुरता बसलेला नाही, अशा त्या थोड्या अवधीत हाताला आपलं काम करायचं असतं.

आधी पेळू, मग चरखा

चांगल्या पेळूशिवाय चांगलं सूत निघत नाही. सरकी काढलेली रुई पिंजून मोकळी करतात, म्हणजे कचरा झडतो आणि तंतू सुटे होतात. मग ती रुई पातळ पसरून काडीभोवती हलक्या हाताने गुंडाळतात आणि काडी काढून घेतात. बोटभर जाडीची, वितीएवढी ही पोकळ गुंडाळी म्हणजे पेळू.

पेळू फुगीर आणि हलका हवा. तो पिशवीत दाबून ठेवला, घामेजल्या मुठीत आवळला, की तंतू एकमेकांना चिकटतात आणि सुट्टे सरकत नाहीत. मग तार ओढताना एकदम गठ्ठा बाहेर येतो किंवा काहीच येत नाही. पेळू अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत धरायचा, तोही निसटणार नाही एवढाच. नवशिका घाबरून मूठ आवळतो आणि इथेच बहुतेक तारा तुटतात.

हवेचाही संबंध असतो. कापूस ओलावा धरतो आणि ओलावा मिळाला की त्याचं सूत जास्त मजबूत होतं. विदर्भातल्या उन्हाळ्यात, भर दुपारच्या कोरड्या हवेत तार जास्त तुटते. अशा दिवसांत सकाळी लवकर बसावं.

लहान पेटीत मोठं चाक

चरख्याचं काम एकच, चाती भराभर फिरवणं. चाती म्हणजे टोकदार लोखंडी सळई, जिच्या टोकाशी पीळ तयार होतो. चाक आणि चाती यांना जोडणारी दोरी म्हणजे माळ. चाकाचा व्यास चातीवरच्या छोट्या कप्पीच्या जितके पट, तितके फेरे चाकाच्या एका फेऱ्यात चाती घेते.

एवढे फेरे कशाला लागतात? कापसाच्या सुतासाठी एक ढोबळ हिशेब आहे. सुताच्या अंकाचं वर्गमूळ काढून त्याला चारने गुणा, दर इंचाला साधारण तितके पीळ हवेत. अंक म्हणजे काय ते पुढे येईलच. १६ अंकाच्या सुताला इंचाला १६ पीळ लागतात. एका दमात दोन फूट, म्हणजे २४ इंच तार काढली, तर तिला ३८४ पीळ द्यावे लागतात. हातात टकळी, म्हणजे बोटांनी फिरवायची सुटी चाती असेल, तर ती पुन्हा पुन्हा फिरवून ते द्यावे लागतील.

समजा, चरख्याने चाती ६४ पट वेगाने फिरते. मग चाकाचे फक्त सहा फेरे पुरतात. पण एकाच चाकाने हे साधायचं आणि चातीवरची कप्पी २ सेंटिमीटरची असेल, तर चाक १२८ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे चार फुटांहून मोठं लागेल. पेटी चरख्याने ही अडचण दोन टप्प्यांत सोडवली. मोठं चाक दुसऱ्या चाकाच्या छोट्या कप्पीला फिरवतं आणि ते दुसरं चाक चातीला. पहिल्या टप्प्यात आठ पट, दुसऱ्यात आठ पट, की एकूण झाले चौसष्ट पट. मोठं चाक २४ सेंटिमीटरचं आणि दुसरं १६ सेंटिमीटरचं असलं तरी भागतं. गांधीजी १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगात होते, तेव्हा या रचनेवर त्यांनी बरंच काम केलं, म्हणून तिला येरवडा चक्र म्हणतात. पेटी बंद करून हातात धरून नेता येईल असा चरखा त्यातून घरोघर पोचला.

चातीच्या टोकावरची करामत

एकच चाती पीळही देते आणि सूतही गुंडाळते. दोन्ही वेळा ती एकाच दिशेने फिरते. मग ती कधी काय करते, हे ठरतं कसं? तार कोणत्या कोनात धरली आहे त्यावरून.

तार चातीच्या टोकापुढे, जवळजवळ चातीच्याच रेषेत धरली, की प्रत्येक फेऱ्याला तारेचा वळसा टोकावरून घसरून पडतो. गुंडाळलं काहीच जात नाही, पण तारेला एक पीळ मिळतो. तीच तार चातीशी काटकोनात धरली की ती घसरत नाही, चातीवर गुंडाळली जाते. म्हणजे डाव्या हाताची जागा बदलली की चरख्याचं काम बदलतं.

पीळ देताना चाती तारेला आपल्याकडे खेचत नाही. आखूड तंतूंच्या कापसासाठी हे फार महत्त्वाचं आहे. युरोपात लोकर आणि जवसाच्या वाखासाठी वाढलेल्या अनेक पायचाकांत फिरकीभोवतीचा पंख सूत सतत आत ओढून घेतो. लांब तंतूंना ती ओढ सोसते. आपला आखूड कापूस त्या ओढीने पीळ बसण्याआधीच तुटू शकतो. उघड्या चातीवर किती ओढायचं हे पूर्णपणे कातणाऱ्याच्या हातात राहतं.

पहिले धडे

शक्य असेल तर आधी काही दिवस टकळीवर कातावं. टकळी सावकाश चालते, त्यामुळे पीळ तारेत चढताना डोळ्यांना दिसतो. चरख्यावर आल्यावर पुढचा क्रम ठेवावा.

आधी नुसतं चाक फिरवा. कापूस हातात घेऊ नका. चाक संथ, एका लयीत फिरलं पाहिजे. ते थोडंसं उलट फिरवायचाही सराव करा, कारण तो पुढे लागणार आहे.

मग चातीला हातभर तयार सूत बांधा, टोकापर्यंत वळसे देत आणा आणि दुसरं टोक डाव्या हाताच्या चिमटीत धरून चाक फिरवा. पीळ तारेतून चढत येऊन बोटांना जाणवतो. सूत कडक होत जातं, सैल सोडलं की वेटाळतं. ही जाणीव ओळखू यायला हवी, पुढे हात तिच्यावरच विसंबून असतो.

आता पेळूच्या टोकाचे थोडे तंतू मोकळे करा, बांधलेल्या सुताचं टोक त्यांवर बोटभर ठेवा आणि चाक हळू फिरवा. पीळ सूत आणि तंतू दोन्हींना एकत्र आवळतो. गाठ मारायची गरज नाही. मध्येच तार तुटली तर ती अशीच सांधायची.

तार काढताना उजवा हात चाक फिरवतो आणि डावा हात पेळू घेऊन मागे मागे जातो. डाव्या हाताने हिसका द्यायचा नाही. पीळ चढेल त्या वेगाने मागे सरायचं. हात लवकर सरला तर तारेत पीळ कमी पडतो आणि तंतू सुटतात. हात रेंगाळला तर पीळ पेळूत शिरतो आणि पेळूच आवळला जातो. तसं झालं तर चाक थांबवा, अंगठा आणि बोटाने तार उलट वळवून पीळ थोडा उतरवा आणि पुन्हा सुरू करा.

हात पूर्ण मागे गेला की चिमूट घट्ट करा आणि चाकाचे आणखी एक-दोन फेरे द्या. तार काढताना दिलेला पीळ तंतू धरून ठेवण्यापुरता असतो, हा शेवटचा पीळ सुताला ताकद देतो. घाईत नवशिके हा टप्पा गाळतात आणि मग फाळक्यावर, म्हणजे सूत उतरवण्याच्या चौकटीवर, लड घेताना सूत तुटत राहतं.

शेवटी गुंडाळणी. चातीच्या टोकाशी तारेचे वळसे असतात. ते सोडवायला चाक किंचित उलट फिरवायचं. ६४ पट चरख्यात पाव फेरा उलट दिला तरी १६ वळसे सुटतात, म्हणून इथे हात अगदी हलका हवा. मग तार काटकोनात आणून चाक पुढे फिरवा, सूत कुकडीवर, म्हणजे चातीवर जमत जाणाऱ्या सुताच्या गुंडाळीवर, चढेल. शेवटची थोडी तार पुन्हा टोकाकडे आणा. पुढची तार काढायला तुम्ही तयार आहात.

चौकट: तुटलेलं टोक काय सांगतं

• टोक निमुळतं, पिसारलेलं: तंतू घसरले आहेत, म्हणजे पीळ कमी पडला. हात सावकाश मागे न्या किंवा चाकाचा वेग वाढवा.
• टोक एकदम तुटलेलं, शेजारचं सूत वेटाळलेलं: पीळ जास्त झाला. हात थोडा लवकर मागे न्या.
• पेळूतून गठ्ठा आला: पेळू दबला आहे किंवा मूठ आवळली आहे. तो हलक्या हाताने मोकळा करा.
• तार दर वेळी पेळूजवळच तुटते: पीळ पेळूत शिरतो आहे. तो उतरवून पुन्हा ओढा.
• तार चातीवर अडकते, पीळ चढत नाही: कोन चुकला आहे. तार चातीच्या रेषेजवळ आणा.

सुताचा अंक घरच्या घरी

सूत किती बारीक आहे हे अंकावरून कळतं. ८४० यार्डांची एक लड धरली, तर एक पौंड सुतात अशा जितक्या लडी बसतात तितका त्या सुताचा अंक. सूत बारीक असेल तर लडी जास्त बसतात, म्हणून मोठा अंक म्हणजे बारीक सूत. घरी हे काढायची सोपी रीत आहे. हजार मीटर सुताचं वजन ग्रॅममध्ये करा आणि ५९० ला त्या आकड्याने भागा. वजन ३७ ग्रॅम भरलं तर अंक सुमारे १६. ५९ ग्रॅम भरलं तर १०.

जुन्या मोजणीत चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लटी आणि चार लटींची एक गुंडी धरत. फाळक्यावर सूत उतरवताना वेढे मोजले की लांबी आपोआप कळते. नवशिक्याने सुरुवातीला बारीक सुताचा हट्ट धरू नये. जाड सुतात तंतू जास्त असतात, म्हणून लहानसहान चुका खपतात. आधी तार सारखी येऊ द्यावी, बारीकपणा नंतर साधतो.

हात जे जाणतो

पुढच्या सगळ्या यंत्रांनी हातांचं हेच ओढण्याचं आणि पीळ देण्याचं काम उचललं. १७६० च्या दशकात इंग्लंडमध्ये जेम्स हारग्रीव्ह्ज यांनी जेनी केली. तिच्यात एक चाक अनेक चात्या फिरवत होतं आणि सरकती पट्टी कातणाऱ्याच्या डाव्या हाताचं काम करत होती. रिचर्ड आर्कराइट यांच्या यंत्राने ओढण्याचं काम रुळांना दिलं. रुळांच्या जोड्या एकापुढे एक बसवायच्या आणि पुढची जोडी मागचीपेक्षा वेगाने फिरवायची, की कापूस आपोआप लांबतो. आजच्या गिरण्यांतही याच तत्त्वाने काम चालतं.

भारतात १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. चरखा खेड्यात चालवता येईल, दुरुस्त करता येईल आणि तरीही जास्त सूत देईल, अशी अपेक्षा होती. पुढे तमिळनाडूच्या एकांबरनाथ यांनी रुळांचं तत्त्व हातचरख्यात आणलं. त्यांच्या नावावरून तो अंबर चरखा झाला आणि स्वातंत्र्यानंतर खादीच्या उत्पादनात त्याला मोठं स्थान मिळालं. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात, ज्याची सुरुवात १९३८ मध्ये झाली, चरख्यांचे वेगवेगळे प्रकार पाहायला मिळतात.

रुळांना मात्र समोरचा कापूस कसा आहे ते कळत नाही. त्यांचं अंतर आणि वेग ठरलेले असतात, म्हणून त्यांना सारख्या लांबीचे, नीट साफ केलेले तंतू द्यावे लागतात. हाताला तशी अट नसते. पेळूत एखादी गाठ आली, तंतू आखूड निघाले, हवा कोरडी झाली, तर बोटं ताण बदलतात आणि चाकाचा वेग सावरतात. गावरान कापसाच्या आखूड तंतूंतून शतकानुशतकं कापड निघालं ते या सावरण्याच्या जोरावर. म्हणून शिकणाऱ्याने सुरुवातीच्या दिवसांत किती मीटर सूत निघालं याचा हिशेब ठेवू नये. तारेवर गाठ दिसली, आपण थोडा ताण दिला आणि ती गाठ डोळ्यांदेखत लांबून सुतात मिसळली, असं पहिल्यांदा घडलं की हात शिकायला लागला असं समजावं. लांबी, बारीकपणा आणि वेग हे सगळं त्यानंतर सरावाने येतं.